झोपलेल्या घरातला कॉम्प्युटर

शांत चालणारा कॉम्प्युटर ही बंगलेवाल्यांची चैन आहे, असं पुष्कळांना वाटतं. रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहणारा डोंबिवलीकर डबा घरघरतो म्हणून कशाला कुरकुरेल? लोकलची धडधड, कुकरच्या शिट्ट्या, शेजारची मालिका, या सगळ्यात ८० मिलिमीटरच्या एका पंख्याला विचारतो कोण! प्रत्यक्षात गेली वीस-बावीस वर्षं ठाणे ते कल्याण या पट्ट्यात मी असेंबल केलेले कॉम्प्युटर बांधतोय, उघडतोय, पुसतोय आणि वेळ पडली तर त्यांचे पत्रेही कापतोय. 'आवाज कमी करून द्या' म्हणत आलेली गिऱ्हाइकं बहुतेक वन-रूम-किचनमधलीच निघाली.

बंगल्यात कॉम्प्युटरला वेगळी खोली असते. इथे तो बाहेरच्या खोलीत, दिवाणाला लागून. दिवाणावर आजोबा, खाली गादीवर आई आणि धाकटी, आणि खुर्चीत सबमिशन उरकणारा थोरला. शेवटची लोकल गेली की मग कॅबिनेट ऐकू यायला लागतं. छताच्या पंख्याचा आवाज खरं तर त्याहून मोठा, पण तो एकसुरी. त्याची सवय होते. काही जणांना तर त्याच्याशिवाय झोप येत नाही. कॉम्प्युटरचा पंखा मात्र भार आला की किंचाळतो, भार गेला की खाली येतो, पुन्हा चढतो. झोप मोडते ती या चढउतारानं. म्हणून कुठलाही डबा हातात आला की आधी मी त्याच्या पंख्याचा वेग किती वेळा बदलतो तेच बघतो. बायोसमध्ये वेगाची चढण सौम्य केली, तापमान दोन-चार अंशांनी हललं तरी पंख्यानं जागचं हलू नये असं लावून दिलं, तर पदरचा पैसा न मोडता बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी स्क्रू-ड्रायव्हर काढायचा.

मी या धंद्यात आलो तो काळच गरम होता. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट जातीचा पेंटियम ४ बाजारात आला. ८९ पासून ११५ वॅटपर्यंत उष्णता टाकणारी चिप, आणि ती बसवायची कशात, तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये. पत्रा असा की दोन बोटांनी दाबला तर आत जाईल. पुढची प्लास्टिकची फेस गुळगुळीत, चकचकीत आणि पूर्ण बंद. मागे मूठभर भोकं. एटीएक्स हा साचा इंटेलनं १९९५ साली आणला, तेव्हा एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, पंख्यानं बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर फुंकावी अशी कल्पना होती. पुढे ती उलटली आणि एसएमपीएस आतली हवा बाहेर फेकू लागला. म्हणजे प्रोसेसरनं तापवलेली हवा त्याच्याच पोटातून जाणार. तो तापला की त्याचा पंखा बोंबलणार.

प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, अशी इंटेलची तेव्हाची शिफारस होती. मे महिन्यात कल्याणच्या वरच्या मजल्यावरची खोलीच ३६-३७ वर असते. हातात उरला एक अंश! 'दुपारी आपोआप बंद पडतो, रात्री बरा चालतो' ही तक्रार त्या उन्हाळ्यांत इतक्यांदा ऐकली की फोन उचलताच मी विचारायचो, वर गच्ची आहे का? अशा मशीनच्या मदरबोर्डवर कपॅसिटर फुगलेले असायचे, डोकी वर आलेली. दहा अंश तापमान वाढलं की त्या जातीच्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. इथे वीस-वीस अंशांचा फरक होता.

पण खरा गुन्हेगार बऱ्याचदा कॅबिनेट नसतंच. तो असतो सुताराकडून करून घेतलेलं कॉम्प्युटर टेबल. वर मॉनिटर, मध्ये सरकता कीबोर्ड, उजव्या हाताला डब्यासाठी खास कप्पा, त्याला सनमायका लावलेलं दार आणि दाराला कुलूप, कारण पोरं हात लावतात. मागच्या प्लायला वायरी जातील एवढंच भोक. डोंबिवली पश्चिमेला अशाच एका कप्प्यात मी थर्मामीटर ठेवला होता. खोलीत ३४ अंश, कप्प्यात ४७. घरमालकांचं म्हणणं होतं की कॅबिनेटला आणखी दोन पंखे बसवा, लागतील ते पैसे घ्या. आता बंद कप्प्यात पंखे वाढवून काय होणार? तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाणार, फक्त जास्त जोरात. सकाळी सव्वाआठच्या लोकलचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा: आतले उतरल्याशिवाय बाहेरचे चढत नाहीत, मागून कितीही रेटा दिला तरी.

मी त्यांना म्हटलं, टेबलाची पाठ काढतो. घरात एकदम शांतता. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, पाठ काढली तर उंदीर शिरतील की!" रास्त शंका होती. कॅबिनेटच्या उबेला उंदीर, झुरळं, पाली सगळेच येतात. एसएमपीएसमध्ये चिकटून मेलेली पाल हा प्रकार मला नवा नाही. मग प्लायच्या जागी तारेची जाळी ठोकली, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, दारालाही खाली फट ठेवली. कप्पा आठ-नऊ अंशांनी उतरला आणि होते तेच पंखे आपोआप संथ झाले. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की कॅबिनेट उघडण्याआधी ते कुठे ठेवलंय ते बघतो.

पत्र्याचं काम मला शिकवलं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारागिरानं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत. हा गृहस्थ तिथल्या एका गाळ्यात इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवायचा, त्यामुळे पेटीतली उष्णता बाहेर कशी काढायची याची अक्कल माझ्यापेक्षा त्याला जास्त. कॅबिनेटच्या मागची भोकांची जाळी बघून तो हसला. पंख्यासमोरची निम्मी जागा तर पत्र्यानंच खाल्लीये, म्हणाला. खरंच होतं ते. त्या भोकांच्या कडांवर आपटून हवेची शिट्टी वाजते आणि आपण दोष देतो पंख्याला. जाळी कापून टाकून तिथे नुसती गोल तारांची बसवली, तर तोच पंखा त्याच वेगात निराळा वाटतो.

१२० मिलिमीटरचा पंखा बसवायचा तर स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर लागतं, मधलं मोठं भोक ११४ चं चालतं. ११४ म्हणजे साडेचार इंच; नळाच्या कामाचं सामान विकणाऱ्या दुकानात त्या मापाचा होल सॉ मिळतो. आधी मदरबोर्ड, ड्राइव्ह, सगळं बाहेर काढायचं. लोखंडाचा बारीक कीस बोर्डावर कुठे जाऊन बसला तर पुढे तो कधी दगा देईल सांगता येत नाही. कागदावर पंख्याचा छाप काढून चिकटपट्टीनं पत्र्यावर लावायचा, मध्यावर पंच मारायचा. आणि इथे त्या कारागिराची युक्ती: पातळ पत्रा होल सॉच्या दातांत अडकून पिळवटतो, म्हणून तो प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये शिकंज्यानं घट्ट आवळायचा आणि ड्रिल अगदी सावकाश फिरवायचं. मग भोक असं स्वच्छ पडतं की चकती खिशात ठेवून मिरवावी. पण तो म्हणायचा, भोक पाडणं हे काम नव्हे, कड मारणं हे काम. अर्धगोल कानशीनं कड घासायची, वरून पॉलिश पेपर, बोट फिरवून बघायचं. मग रेड ऑक्साइडचा हात. तो दिला नाही तर आपल्या पावसाळ्यात कापलेल्या कडेवर श्रावणापर्यंत गंज दिसायला लागतो. त्यावर काळा स्प्रे, आणि शेवटी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी दरवाजाची रबरी बीडिंग. पंखा आणि पत्रा यांच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. त्यानं पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. थरथर उतरली की अख्खं कॅबिनेट वाजतं.

हे सगळं कशासाठी, तर पंखा मोठा आणि सावकाश फिरवता यावा म्हणून. १२० चा पंखा ८० च्या सव्वादोन पट जागा व्यापतो, म्हणून कमी फेऱ्यांत तेवढीच हवा हलवतो. आणि फेरे निम्मे झाले की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. पंख्यांना चार तारा नव्हत्या त्या दिवसांत वेग उतरवायची एक चोरवाट होती. एसएमपीएसमधून येणारी पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची. पंख्याची काळी तार नेहमीसारखी काळीला न जोडता लालला जोडली की त्याला मिळतात ७ व्होल्ट. पाचावर काही पंखे सुरूच व्हायचे नाहीत. सातावर बहुतेक सगळे गुमान फिरायचे. एसएमपीएस उघडून त्यातलाच पंखा बदलून द्या म्हणणारेही येतात. त्यांना मी नकार देतो. भिंतीतले २३० व्होल्ट आत सरळ होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये दबा धरून असतात.

हवा खरंच कुठून कुठे जाते, हे बघायला उदबत्तीसारखं साधन नाही. देवघरातून एक मागून घ्यायची आणि कॅबिनेटच्या फटींपाशी फिरवायची. एकदा पुढच्या पंख्यातून आत गेलेला धूर बाजूच्याच रिकाम्या खाचेतून बाहेर येताना दिसला, प्रोसेसरपर्यंत पोचलाच नव्हता. मागून बाहेर पडलेला धूर कार्डांच्या उघड्या पट्ट्यांमधून पुन्हा आत. मी चिकटपट्टीनं नको ती भोकं बंद केली आणि तापमान उतरलं. भोकं बुजवून मशीन थंड होतं, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड असतं. उदबत्ती ते काम करते.

परदेशात हे सगळं शास्त्र म्हणून वाढलं. कॅनडात माइक चिन यांनी २००२ साली 'सायलेंट पीसी रिव्ह्यू' सुरू केलं आणि अँटेक कंपनीचं २००५ चं पी१८० कॅबिनेट त्यांच्या सल्ल्यानं घडलं: तीन थरांच्या भिंती, एसएमपीएस तळाशी आणि स्वतंत्र कप्प्यात. वाचताना वाटायचं, ही माणसं आपलीच आहेत. फक्त त्यांच्याकडे धूळ कमी आणि खोली थंड.

आपल्याकडची धूळ ही वेगळीच बाब. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मशीनमध्ये सिमेंटची पिठूळ धूळ सापडते, दमट हवेत ती हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते, नुसत्या ब्लोअरनं निघत नाही, ब्रश लागतो. देवघराशेजारचा कॉम्प्युटर उदबत्तीच्या तेलकट काजळीनं भरतो. कल्याण जंक्शनजवळ रुळांना लागून असलेल्या इमारतीत एकदा काळीभोर धूळ निघाली. सहज स्पीकरचं जुनं चुंबक फिरवलं, तर कण उभे राहिले. रूळ, चाकं, ब्रेक यांचं झिजलेलं लोखंड. वीज वाहू शकणारी धूळ बोर्डावर साचत होती. तिथे मी मागचा पंखा संथ केला, पुढचे दोन जरा जोरात ठेवले आणि पुढे खिडकीच्या मच्छरदाणीची बारीक नायलॉन जाळी लावली. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडते, धूळ फटींतून आत शिरत नाही. जाळी मात्र धुवावी लागते. गिऱ्हाईक धुतो म्हणतं आणि धूत नाही, हे गृहीत धरूनच मी ती चुंबकपट्टीवर लावतो, स्क्रूवर नाही.

या कामातली माझी सगळ्यात पक्की समजूत हलवली ती डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागानं. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता वर्तमानपत्रांतून राज्यभर गाजला, पण तिथल्या लोकांना रात्री खिडकी उघडी ठेवायची की नाही हा रोजचा प्रश्न. तिथल्या एका घरात दोन वर्षांत दुसरा मदरबोर्ड गेला. कॅबिनेट हवेशीर, पंखे चार, तापमान उत्तम. बोर्ड भिंगाखाली धरला. बारीक भोकांच्या कडेनं काळा पदर पसरला होता, दोन रेषांना जोडणारा. २००६ पासून युरोपच्या नियमांमुळे सोल्डरमधलं शिसं गेलं आणि काही बोर्डांवर तांब्याला चांदीचा पातळ मुलामा आला. गंधकाचे वायू आणि दमटपणा एकत्र आले की तो मुलामा आणि खालचं तांबं काळं पडत पसरतं. म्हणजे ते चार पंखे दिवसरात्र तोच वायू बोर्डावरून फिरवत होते. तिथे हवा वाढवणं हाच अपाय होता. पुढचं मशीन मी कमी वॅटच्या प्रोसेसरचं दिलं, त्याचं व्होल्टेज आणखी उतरवलं, दोन पंखे काढून घेतले आणि कॅबिनेट रस्त्याकडच्या खिडकीपासून आतल्या भिंतीला नेलं. ते टिकलं. 'एअरफ्लो चांगला हवा' हे वाक्य त्यानंतर मी पत्ता विचारल्याशिवाय बोलत नाही.

पुराचंही तसंच. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी कल्याण-उल्हासनगरच्या सखल भागांत घरोघर शिरलं. चिखलानं भरलेले डबे कित्येक दिवस येत होते. त्यानंतर तळमजल्यावरच्या लोकांनी कॅबिनेट जमिनीवरून उचललं ते थेट माळ्याच्या उंचीच्या फळीवर नेलं. पाण्यापासून सुटलं, पण खोलीतली सगळी गरम हवा तिथेच साचते, वरती पत्रे असतील तर बघायलाच नको. उष्म्यासाठी जागा खाली आणि पाण्यासाठी वर; मध्ये टेबलाच्या उंचीवर तडजोड करायची.

जुन्या हार्ड डिस्कची आठवण निघाली की मला कल्याणच्या एक बाई आठवतात, घरी बसून आवाजाची कामं करायच्या. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, तेवढीच त्या डिस्कची गुणगुण, आणि ती नेमकी त्यांच्या ध्वनिमुद्रणात उतरायची. पंखे मंद केले तरी गुणगुण कायम, कारण डिस्क स्क्रूंनी पत्र्याला जखडलेली. शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून रुंद इलॅस्टिक आणलं आणि डिस्क मोकळ्या खणात त्यावर अधांतरी टांगली. बाईंनी हेडफोन लावून ऐकलं आणि नुसती मान हलवली. एसएसडी आल्यावर ही कारागिरी निकालात निघाली.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि लॅमिंग्टन रोड आमच्यासाठी परदेश झाला. अख्खं घर एका खोलीतून शाळा आणि ऑफिस चालवू लागलं. मीटिंगमध्ये समोरच्यांना माझ्या मागे मिक्सर चालतोय असं वाटतं, अशी तक्रार एकानं केली. ते त्याचं कॅबिनेट होतं. नवे पंखे मिळत नव्हते. जुन्या पंख्यांच्या मागचा स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडायचो, प्रोसेसरची वाळून खडू झालेली पेस्ट बदलायचो. त्या महिन्यांत बरीचशी मशीन्स एवढ्यावरच निभावली.

आता पत्रा कापायची वेळ क्वचित येते. पुढून जाळीदार कॅबिनेट तयार मिळतात. पण काचेचं तोंड असलेल्यांची हौसही तेवढीच, आणि ग्राफिक्स कार्ड एकटंच ३०० वॅट खातं. हिशोब सोपा आहे: वॅटला १.७६ नं गुणायचं आणि हवा किती अंश तापलेली चालेल त्यानं भागायचं. ३०० वॅट, १० अंश, म्हणजे मिनिटाला ५३ घनफूट हवा लागणार, आणि ती काचेतून येत नाही. शिवाय ते ३०० वॅट कॅबिनेटमधून निघाले तरी खोलीतच राहतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ठाण्यातला एक कॉलेजचा मुलगा रंगीत दिव्यांचे सहा पंखे बसवून घ्यायला आला. खोली तापते, एसी पुरत नाही, आवाजानं बाजूच्या खोलीतले ओरडतात. मी कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणली, पंख्यांची चढण सौम्य केली, काचेचं तोंड काढून नुसतं मोकळं ठेवलं. खेळात त्याला फरक जाणवला नाही. वीज मोजायच्या प्लगवर मात्र ऐंशी-नव्वद वॅटचा फरक दिसत होता, आणि खोलीत बोलताना आवाज चढवावा लागत नव्हता. त्या दीड तासाचे मी पाचशे रुपये सांगितले. त्याच्या वडिलांनी कॅबिनेटभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "पण तुम्ही बसवलंत काय?" मी त्यांना प्लगवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवले, महिन्याच्या बिलात काय पडेल ते सांगितलं. त्यांनी तीनशे दिले.